अंजिराचा चीक

अंजिराच्या पानाला वास असतो. फळाचा वेगळा, मी पानाचा म्हणते आहे. उन्हे चढू लागली की हिरवा, दुधाळ, ओल्या करवंटीच्या जवळ जाणारा तो वास झाडाखाली दाटून राहतो. साताऱ्यात आमच्या घराला अंगण नाही. आहे ती एक गॅलरी, आणि तिच्यातून दिसणारा अजिंक्यताऱ्याचा उतार. तरीही शेजारी कोणी नारळ फोडला की मी सांगलीला पोचते: माहेरच्या अंगणात, हात पुढे करून, डोळे मिटून उभी, आणि मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीवर अंजिराचे खरखरीत पान हळूच फिरवणारा पप्पांचा हात.

हा खेळ नव्हता, पाठ होता. पप्पा शाळेत गणित शिकवीत आणि रविवारी उपासनेच्या आधी मंडळीतल्या मुलांची शब्बाथ शाळा घेत. वर्षातून एकदा एदेन बागेचा पाठ आला की तो वर्ग प्रार्थनामंदिराच्या ओसरीवर न भरता आमच्या अंगणात भरे, कारण अंजिराचे झाड तिथे होते. आदाम आणि हव्वा यांनी देवाची आज्ञा मोडली, त्यांना आपल्या उघडेपणाची लाज वाटली आणि त्यांनी अंजिराची पाने शिवून नेसली, एवढे सांगून झाले की पप्पा एक पान तोडत, देठाच्या टोकाशी फुगणारा चिकाचा पांढरा थेंब सगळ्यांना दाखवीत आणि मग ते पान एकेकाच्या मनगटावर घासत.

"आता सांगा, याची चड्डी शिवून घालाल?"

आम्ही हसून लोळायचो. मग उपासनाभर मनगटे खाजवीत बसायचो. एकदोघांच्या आयांनी पाळकसाहेबांकडे तक्रारही केली होती. पप्पांचे म्हणणे असे की, पापाचा परिणाम म्हणजे आकाशातून कोसळणारी वीज, अशी मुलांची समजूत होते. आणि वीज पडली नाही की मुले निर्धास्त होतात. विजेच्या कितीतरी आधी लहानलहान गोष्टी येतात. माणूस लपतो. काहीतरी शिवून अंगावर घेतो. मग दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आदामाने हव्वेकडे दाखवले, हव्वेने सापाकडे. "सापाला बोट नव्हतं," पप्पा म्हणत, "म्हणून ते प्रकरण तिथं थांबलं."

आणखी एक गोष्ट ते दरवर्षी विचारीत. देवाने बागेत जी आज्ञा दिली, तिचा पहिला शब्द कोणता? आम्ही एका सुरात ओरडायचो, "नको!" पप्पा समाधानाने मान हलवायचे. चूक. पहिला शब्द "खा" असा होता. बागेतल्या सगळ्या झाडांचे खा, असे देव आधी म्हणाला. नको म्हणाला तो एका झाडापुरते. आपण मात्र नको तेवढे पाठ करून ठेवतो.

मी एकदाच त्यांना अडवले. देवाला जर सगळे दिसते, तर झाडांमागे लपलेल्या आदामाला त्याने "तू कोठे आहेस" असे कशाला विचारले? पप्पांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले आणि उत्तर पुढच्या रविवारी देण्याचे कबूल केले. पुढच्या रविवारी नोहाचा पाठ निघाला आणि जलप्रलयात माझा प्रश्न वाहून गेला.

आमच्या मंडळीत मार्च महिन्यात हंगामाचा सण असतो. ऊस तुटून गेलेला असतो, द्राक्षे उतरलेली असतात, हळद बाजारात आलेली असते. ज्याच्याकडे जे पिकते त्यातले पहिले तो देवापुढे आणून ठेवतो, आणि उपासनेनंतर आवारात त्याच वस्तूंचा लिलाव होतो. आमची शेती नाही. आमचे पीक म्हणजे ते एक झाड. म्हणून त्याच्यावर पिकलेले पहिले अंजीर सणासाठी ठेवायचे आणि तोवर घरात कोणी एकाही फळाला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. पुढे पप्पांना साखरेचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी जी फळे बंद केली त्यांत अंजीर पहिले होते, आणि त्याची अंमलबजावणी आईने आपल्याकडे घेतली. अशा रीतीने त्या झाडाभोवती देवाची, डॉक्टरांची आणि आईची, अशी तीन कुंपणे पडली. कडकपणाच्या चढत्या क्रमाने सांगते आहे.

गेल्या मार्चमध्ये, सणाच्या आठवड्यात, पप्पांचा फोन आला. हवापाणी विचारून झाले, जावयाची चौकशी झाली आणि मग अगदी सहज, जणू एखादी खिडकी बंद करावी तसे, ते म्हणाले, "या रविवारी मी ताट उचलणार नाही."

ज्यांना आमच्या चालीरीती ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगायला हवे. हंगामाच्या सणाला आमच्याकडे प्रभुभोजनही असते. पाळकसाहेब भाकर मोडतात, आणि भाकरीचे तुकडे व द्राक्षरसाचे इवलेसे पेले ताटांत घेऊन मंडळीचे पंच बाकाबाकापर्यंत जातात. पेल्यांचे ताट पप्पांचे. मी शाळेत जाऊ लागले त्याच्याही आधीपासून त्यांचेच. परंतु त्या भोजनाला एक अटही आहे. मनात खोट ठेवून जो ते घेतो, तो आपल्यावरच दोष ओढवून घेतो, असे आम्ही मानतो. म्हणून आदल्या शनिवारी संध्याकाळी तयारीची सभा होते. प्रार्थनेनंतर पाळकसाहेब काही वेळ गप्प उभे राहतात. त्या शांततेत ज्याचे ज्याच्याशी बिनसले असेल त्याने उठून त्याच्या बाकापाशी जायचे आणि दोन्ही हात पुढे करून "सलाम" म्हणायचे. तेवढे पुरते. ज्याला तेवढेही जमत नाही, तो रविवारी मागच्या बाकावर बसतो, आणि ताट त्याच्यापुढून तसेच निघून जाते.

पप्पा मागच्या बाकावर बसणार होते.

कारण विचारले तेव्हा मनगट दुखते म्हणाले. मी आईला फोन केला. ती फोडणी देत होती. मोहरी तडतडल्याचे ऐकू येत होते. "तू ये," ती म्हणाली. आवाजात काळजी नव्हती. खरे तर हसू दाबल्यासारखे वाटले, पण ती मोहरीही असू शकेल.

कराडच्या पुढे रस्ता उसाच्या मोकळ्या झालेल्या रानांतून जातो. जाळलेल्या पाचटाचा वास बसच्या खिडकीतून आत येत होता. माझ्या मांडीवर कंदी पेढ्यांचा पुडा होता. आईसाठी आणि शेजारच्या सुभेदारांसाठी. पप्पांच्या वाट्याला त्यातले काही नसे. पुडा उघडला की ते जवळ येऊन म्हणत, "वास तरी घेऊ द्या," आणि डोळे मिटून इतका दीर्घ श्वास घेत की पेढे हलके झाल्याचा भास व्हावा.

मी पोचले तेव्हा आई दुकानात गेली होती. पप्पा पडवीत खुर्चीवर बसले होते. ते हसले, आणि हसताना त्यांचा खालचा ओठ आखडला. ओठाच्या कोपऱ्यावर लालसर सूज होती, तिच्यावर बारीक खपली. चहाने पोळल्याचे त्यांनी न विचारता सांगितले. पण तसा ओठ मी ओळखत होते. लहानपणी एकदा कच्च्या अंजिराला तोंड लावले होते तेव्हा माझाही ओठ अस्साच फुलला होता. पिकलेल्या फळात गोडवा उतरलेला असतो. ज्याची घाई होते त्याच्या देठाशी चीकच असतो, आणि तो ओठाला लागला की पुढचे काही दिवस माणसाचे तोंडच साक्ष देत फिरते.

मी नुसते झाडाकडे पाहिले. मग त्यांच्याकडे.

"तुला वास आला ना, बाळा," पप्पा म्हणाले. "हव्वेला निदान साप तरी लागला. मला तेवढाही लागला नाही."

मग त्यांनी सगळे सांगितले. दुपारची वेळ होती, आई आत जरा आडवी झाली होती. खालच्या फांदीवर हंगामातले पहिले अंजीर रंगावर आले होते, आणखी एका दिवसाचे काम होते. ते जवळ गेले ते फक्त वास घ्यायला. पुढचे त्यांना नीट आठवतही नव्हते. आठवत होती ती फळाची उन्हाने तापलेली, मऊ साल. उभ्या उभ्या, सालीसकट, पाण्याने न धुता. आई उठली, झाडाकडे पाहून म्हणाली, अहो, पहिलं अंजीर कुठं गेलं? आणि आयुष्यभर मुलांच्या मनगटांवर पान घासलेल्या या माणसाने फांदीकडे बोट दाखवून म्हटले, "बुलबुल."

मी हसले. मला हसू आवरेना. पप्पाही हसले, पण ओठ दुखला म्हणून थांबले. आणि थांबल्यावर त्यांचा चेहरा मला पाहवेना. त्यांचे दुःख अंजिराचे नव्हते. ते म्हणाले, फळ खाल्लं हे मी देवाला त्याच दिवशी सांगितलं. त्याच्याशी माझं बरं आहे. पण तुझ्या आईला खोटं सांगितलं, ते तिलाच सांगायला हवं, आणि ते तोंडातून निघत नाही. एवढ्या वर्षांत तिला मी कधी खोटं सांगितलेलं नाही. पहिल्यांदा सांगितलं तेही एका अंजिरापायी. एखादं मोठं पाप असतं तर कबूल करायला बरं वाटलं असतं. इतकं चिल्लर घेऊन तिच्यापुढं उभं कसं राहायचं?

"शनिवारपर्यंत वेळ आहे," मी म्हणाले.

"वेळ आदामालाही होता," ते म्हणाले.

तेवढ्यात फाटक वाजले. सुभेदार आले होते. सैन्यातून निवृत्त होऊन शेजारी राहायला आलेले हे गृहस्थ. तासगावकडे त्यांची द्राक्षबाग आहे. त्यांच्या खांद्यावर हिरव्या जाळीची गुंडाळी होती आणि हातात खडे भरलेला पत्र्याचा डबा. बुलबुलाची बातमी आईकडून त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि त्यांनी मोहीम आखली होती.

"आवं सर, बुलबुल लय बेरकी जात," जाळी उलगडत ते म्हणाले. "आमच्या बागंत एका दिसात घडंच्या घडं टोचत्यात. ही जाळी नवी हाय, आणि ह्यो डबा जाळीला टांगू, वाजला की आपला मोर्चा तयार. तुमी निवांत ऱ्हावा. पहाऱ्याला मी हाय."

पप्पा काही बोलणार होते. त्यांनी तोंड उघडलेही. पण सुभेदारांनी जाळीचे एक टोक त्यांच्या हातात दिले आणि स्टुलावर चढायला सांगितले. मग मी पाहिले ते असे: माझे वडील स्टुलावर उभे, हात वर केलेले, आणि स्वतःच्या खोटेपणाची एकेक गाठ झाडाच्या फांद्यांना बांधत आहेत. खालून सुभेदार सांगत होते, आवळून, सर, आवळून.

दुसऱ्या दिवशी आई कपडे वाळत घालत होती. सांगलीचे मार्चचे ऊन. चादरी पिळून टाकेपर्यंत वाळू लागतात, आणि कोणाच्या तरी गच्चीवरून उकडलेल्या हळदीचा मातकट, उबदार वास येत असतो. आईने पप्पांचा पांढरा सदरा झटकला आणि दोरीवर टाकला, पुढची बाजू पडवीकडे करून. छातीपाशी, गुंड्यांच्या पट्टीलगत, पैशाएवढा तपकिरी डाग होता.

अंजिराचा चीक पांढरा असतो. कापडावर पडला की काही दिसत नाही. धुतल्यावर मात्र तो तांबूस होतो, आणि उन्हात वाळला की आणखी गडद.

"तुला माहीत आहे," मी म्हणाले.

"त्याच दिवशी कळलं. बुलबुल काय देठ हातानं पिळून तोडतो?" आईने सदऱ्याची बाही सरळ केली. तो सदरा तिने रोज धुवायला घेतला होता आणि रोज तिथेच वाळत घातला होता, पप्पांच्या खुर्चीसमोर. "पहिल्या दिवशी त्यांनी खुर्ची हलवली. दुसऱ्या दिवशी मी दोरी हलवली."

मला पुन्हा हसू आले, पण मी विचारलेच, मग तू बोलत का नाहीस? एक वाक्य बोललीस तर मोकळे होतील. रविवारी ते मागे बसले तर सगळी मंडळी वळून पाहील.

आई दोरीला चिमटे लावत होती. तिने शेवटचा चिमटा लावला आणि मग म्हणाली, "मी बोलले तर ते सापडतील. मला ते सापडायला नकोत गं. यायला हवेत."

त्या क्षणी माझा तो जुना, पाण्यात वाहून गेलेला प्रश्न कुठल्याशा काठाला लागला. सगळे दिसत असताना देवाने आदामाला हाक का मारली, हे पप्पांनी मला कधीच सांगितले नव्हते. ते उत्तर इथे, ओल्या चादरींच्या मधोमध उभे होते. हाक शोधण्यासाठी नव्हतीच. लपलेल्याला स्वतःच्या पायांनी बाहेर येता यावे म्हणून ती एक वाट मोकळी करून दिली होती.

पण वाट मोकळी असली तरी ती चालावी ज्याची त्यालाच लागते. तो दिवस मी पाण्याने काठोकाठ भरलेल्या दोन घागरी घेऊन घरात फिरावे तशी फिरले. एकीत पप्पांचे गुपित, दुसरीत आईचे. जेवताना पप्पा दोनदा खाकरले. दोन्ही वेळा आई हातातला घास ताटातच ठेवून थांबली. पहिल्यांदा त्यांनी मीठ मागितले. दुसऱ्यांदा पाणी.

शनिवारी सकाळी मला डब्याच्या आवाजाने जाग आली. पाठोपाठ कुंपणापलीकडून सुभेदारांची आरोळी.

"घावला, सर! चोर घावला!"

मी बाहेर आले तेव्हा जाळी एका जागी थरथरत होती. आत बुलबुल होता. त्याचा एक पाय हिरव्या दोऱ्यांत गुंतला होता, पंख अर्धा उघडून अडकला होता, आणि शेपटीखालचा तो लाल ठिपका, जो मी लहानपणी कुंकवाचा समजायचे, वरखाली होत होता. तो ओरडत नव्हता. चोच उघडी होती, आवाज नव्हता. पप्पा बनियनवर बाहेर आले आणि पाहत उभे राहिले.

सुभेदार फाटकातून आत आले होते. ते खुशीत होते; पाखरू धरायचे आणि लांब नदीपलीकडे नेऊन सोडायचे, असा त्यांचा बेत होता. पप्पा आत गेले आणि शिवणाची कात्री घेऊन आले. स्टूल ओढले, चढले, आणि एका हाताने पाखराला अलगद ओंजळीत धरून दुसऱ्या हाताने जाळी कापू लागले.

"आवं सर, नवी जाळी हाय ती," सुभेदार म्हणाले. "चोरापायी जाळी कापता व्हय?"

पप्पांची कात्री थांबली नाही. शेवटचा दोरा तुटला. पाखरू क्षणभर त्यांच्या तळहातावर तसेच पडून राहिले, मग एकदम उठले आणि सुभेदारांच्या टोपीवरून पलीकडच्या कडुलिंबात गेले. तिथून त्याने आम्हाला जे काही सुनावले, ते सगळ्या गल्लीने ऐकले असेल.

"सुभेदार," स्टुलावरूनच पप्पा म्हणाले, "चोर तो नव्हता. अंजीर मी खाल्लं."

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. हातात चहाची गाळणी, गाळणीतून थेंब ठिबकत होते.

सुभेदारांनी टोपी काढली, डोके खाजवले आणि सावकाश म्हणाले, "मग एवढं दिस मी पहारा कुणावर करत हुतो?"

पप्पा स्टुलावरून उतरले. उतरताना त्यांनी कोणाचा हात घेतला नाही. ते आईपर्यंत चालत गेले आणि दोन्ही हात पुढे केले, सभेत करायचे तसे. पण "सलाम" हा शब्द काही त्यांना सापडेना. त्यांनी मग साध्या शब्दांत सांगितले की मी तुला खोटं सांगितलं, आणि माझं खोटं त्या पाखराच्या पायात अडकलं.

आईने गाळणी माझ्याकडे दिली, पदराला हात पुसले आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

"गोड होतं?" तिने विचारले.

"नाही," पप्पा म्हणाले. "तुरट. कच्चं होतं."

आई हसू लागली. ती इतकी हसली की तिला दाराच्या चौकटीला टेकावे लागले. मग सुभेदार हसले, मग मी. आणि पप्पा सुजल्या ओठावर बोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत हसले. ते पाणी सगळेच हसण्याचे नव्हते. आईने ते पाहिले आणि त्यांचे हात सोडले नाहीत.

क्षमा झाली म्हणून सारे पूर्ववत झाले, असे मात्र मी लिहिणार नाही. आमच्या श्रद्धेत आज्ञाभंगाचा शेवट मरणापर्यंत सांगितला आहे, आणि ते सौम्य करून सांगण्याचा मला अधिकार नाही. एदेन बागेचे दार मागे बंदच झाले. एका निरपराध्याने आमचा दोष अंगावर घेतला म्हणून आम्ही सुटलो, हे मी लहानपणापासून तोंडपाठ म्हणत आले होते. त्या सकाळी हिरव्या दोऱ्यांत अडकलेला एक पाय पाहिल्यानंतर मला ते नुसते तोंडपाठ म्हणता येत नाही. क्षमा मिळालेला माणूसही फाटलेली जाळी घेऊन बसतोच. पप्पा दिवसभर पडवीत बसले होते, दाभण आणि नायलॉनचा दोरा घेऊन. सुभेदार नको नको म्हणत होते, पप्पा ऐकत नव्हते. शेवटी सुभेदारही शेजारी बसले आणि टाके कसे चुकत आहेत ते दाखवू लागले. "शिवणं हे आदामाचं काम," पप्पा म्हणाले. "त्यालाही कुठं जमलं होतं?"

संध्याकाळी तयारीच्या सभेत पाळकसाहेब गप्प उभे राहिले तेव्हा पप्पा उठून पलीकडे स्त्रियांच्या बाजूला, आईच्या बाकापाशी गेले. या वेळी शब्द सापडला. "सलाम," ते म्हणाले. सकाळीच सगळे होऊन गेलेले असताना आईनेही उभी राहून, अगदी नव्याने, त्यांचा सलाम घेतला. मग ते पाळकसाहेबांकडे गेले आणि हळू आवाजात काही बोलले. पाळकसाहेबांचे खांदे हसण्याने हलले. त्यांनी पप्पांच्या पाठीवर हात ठेवला तो बराच वेळ तसाच होता.

रविवारी सकाळी पप्पांनी तो डागाचा सदराच घालायला काढला. आईने तो त्यांच्या हातातून घेतला आणि नवा, इस्त्री केलेला, पुनरुत्थानाच्या सणासाठी शिवून ठेवलेला सदरा पुढे केला. देवाने बागेबाहेर निघालेल्या त्या दोघांची पाने उतरवून त्यांना धड वस्त्रे घातली होती, हे पाठात शेवटी येते आणि मुले तोवर खाजवण्यात गुंतलेली असतात. पप्पांना मात्र ते आठवले असावे. गुंड्या त्यांनी फार सावकाश लावल्या.

वेदीपुढे ऊस उभे करून बांधले होते. हळदीच्या गाठी, गुळाच्या ढेपा, बेदाणे, द्राक्षांचे घड, अंड्यांची टोपली, आणि पाय बांधलेली एक तांबडी कोंबडी, जी उपदेशाला आपली संमती मधूनमधून मोठ्याने नोंदवीत होती. आईची परडीही तिथे होती. अंजिराची पाने, पानांवर जांभळट अंजिरे. पहिले नव्हते, म्हणून दुसऱ्यापासूनची. त्या उणेपणाविषयी आई एवढेच म्हणाली होती की देवाला हिशेब कळतो.

पप्पांनी ताट उचलले. आमच्या बाकापाशी ते आले तेव्हा ताटातले पेले एकमेकांना लागून अगदी बारीक किणकिणत होते, दूरवरून बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज यावा तसे. आईने पेला उचलला. मग मी. ताट पुढे गेले आणि आवाज थांबला.

आवारात लिलाव रंगला. सुभेदार सणाला दरवर्षी येतात. कोंबडी त्यांनी घेतलीच, पण आईची परडी पुढे आली तेव्हा ते सगळ्यांच्या वरच्या आवाजात बोली लावू लागले. पप्पा त्यांच्याविरुद्ध बोली चढवत राहिले आणि हरले. परडी हातात घेऊन सुभेदार सरळ आमच्याकडे आले आणि ती आईपुढे धरली.

"वहिनी, घ्या. आता ह्यो देवाचा परसाद," ते म्हणाले. "आणि सरांच्या हातात दिऊ नका. बुलबुलाचं नाव खराब हुतंय."

आईने परडीतले एक अंजीर निवडले, सगळ्यांत मऊ. दोन्ही अंगठ्यांनी ते उघडले. आतला लाल, दाणेदार, ओला उजेड दिसला, आणि तो वास आला, फळाचा. तिने एक फोड तोडली, नखाएवढीच, आणि पप्पांच्या तळहातावर ठेवली. डॉक्टरांना मी सांगेन, असे तिने म्हटले.

पप्पांनी फोड नाकाशी नेली. डोळे मिटले. त्यांनी श्वास घेतला, पेढ्यांचा घेत तसा, दीर्घ, सबंध. कोंबडीही गप्प होती. मग त्यांनी डोळे उघडले, माझा हात ओढून घेतला, मनगट वर करून एकदा पाहिले, माझ्या तळहातावर ती फोड ठेवली आणि म्हणाले, "खा."